फेब्रुवारीतले तीनशे रुपये

२०१४ च्या फेब्रुवारीचा पगार झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या कार्यालयातला एक कनिष्ठ अभियंता पगाराची स्लिप घेऊन माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "मॅडम, दर महिन्याला व्यवसाय कराचे दोनशे कापता, या वेळी तीनशे कसे?" मला त्या खुर्चीवर बसून जेमतेम सात महिने झाले होते. पगाराचा हिशेब एक्सेलमधल्या एका तयार तक्त्यातून आपोआप निघत असे. तो तक्ता माझ्या आधीच्या बाईंनी केलेला होता आणि त्या धड चार्ज न देताच नोकरी सोडून गेल्या होत्या. "बघून सांगते" असे म्हणून मी वेळ मारून नेली खरी, पण बघायचे कुठे आणि विचारायचे कोणाला, हे मला कळत नव्हते. लेखापाल आठवड्यातून दोनदाच येत असत. साहेबांना विचारावे, तर "हेही तुम्हाला माहीत नाही?" हे वाक्य त्यांच्या चेहऱ्यावर मला आधीच दिसत होते.

आमचे कार्यालय तेव्हा नागपुरात, रामदासपेठेतल्या एका जुन्या व्यापारी संकुलात होते आणि पिण्याच्या पाण्याचा फिल्टर सगळ्या मजल्याला मिळून एकच होता. दुपारी तिथे बाटली भरताना समोरच्या वास्तुविशारदांच्या कार्यालयातल्या ताई भेटल्या. आमची ओळख "झाले का जेवण?" एवढ्यापुरतीच होती. मी धीर करून त्यांना विचारले. त्या हसल्या नाहीत, हे मला अजून आठवते. "अहो, वर्षाचे अडीच हजारच घेता येतात ना जी," त्या म्हणाल्या, "अकरा महिन्यांचे बावीसशे झाले. उरलेले तीनशे मग फेब्रुवारीत कापतात. या कराचे वर्ष मार्च ते फेब्रुवारी असते." व्यवसाय कराची वर्षाची कमाल मर्यादा २,५०० रुपये आहे आणि ती थेट राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ मध्ये लिहिलेली आहे, हे मी पुढे सावकाश वाचून काढले. त्या दुपारी मात्र माझी लाज फिल्टरजवळच्या त्या अर्ध्या मिनिटाने राखली.

अ‍ॅडमिनचे काम करणारा माणूस बहुतेक कार्यालयांत एकटा असतो. आमच्याकडे अभियंते चौदा होते. एखाद्या आराखड्यात अडले की एक दुसऱ्याच्या खुर्चीमागे जाऊन उभा राही. लेखापालाला सनदी लेखापालाचा आधार असे. माझ्या मागे मात्र कोणीच नव्हते, आणि माझ्या समोर आवक-जावक नोंदवही, पेटी कॅश, कुरिअर, हजेरी, रजांचा हिशेब, वीजबिल, लिफ्टचा देखभाल करार, साहेबांचे प्रवास, चहावाल्याची उधारी आणि शौचालयाचा गळका नळ असे सगळे होते. यांपैकी एकाही गोष्टीचे शिक्षण मला कोणी दिलेले नव्हते. टंकलेखनाची मराठी तीस आणि इंग्रजी चाळीस शब्दांची प्रमाणपत्रे माझ्याकडे होती, एमएस-सीआयटी झालेले होते. पण ७ तारखेला टीडीएस (कापून घेतलेला आयकर), १५ तारखेला पीएफ (भविष्य निर्वाह निधी) आणि ईएसआयसी (कामगार विमा), कामगार कल्याण निधी मात्र फक्त जून आणि डिसेंबरमध्ये, आणि मार्च महिन्याचा टीडीएस तेवढा ३० एप्रिलपर्यंत चालतो, ही जपमाळ कोणत्याही वर्गात घोकून घेतली जात नाही. ती कोणीतरी सांगावी लागते, आणि सांगणारा माणूस आपल्या कार्यालयात नसतो, दुसऱ्याच्या कार्यालयात असतो.

या बाबतीत साहेब लोकांचे चालक आमच्यापेक्षा फार पुढे आहेत, असे माझे मत आहे. कोणत्याही मोठ्या इमारतीखाली झाडाच्या सावलीत गाड्या लावून ते तासन्‌तास गप्पा मारताना दिसतात, आणि कोणत्या पंपावर माप नीट मिळते, कोणता मेकॅनिक खरे बोलतो, कोणत्या रस्त्यावर आज मोर्चा आहे, हे सगळे त्यांना आपल्याआधी माहीत असते. त्यांच्या त्या बसण्याला आपण रिकामटेकडेपणा म्हणतो.

असाच गैरसमज एका मोठ्या कंपनीचाही झालेला होता. ज्युलियन ऑर या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या दुरुस्ती-तंत्रज्ञांबरोबर फिरून त्यांच्या कामाचा अभ्यास केला. (आपल्याकडे झेरॉक्स हे कंपनीचे नाव उरलेच नाही; ते यंत्राचे, त्यातून निघणाऱ्या प्रतीचे आणि कोपऱ्यावरच्या दुकानाचेही नाव झाले.) कंपनीने तंत्रज्ञांना जाडजूड माहितीपुस्तिका दिलेल्या होत्या, ज्यांत अमुक बिघाड असेल तर तमुक करा, अशा पायऱ्या आखलेल्या होत्या. प्रत्यक्षात यंत्रे पुस्तिकेप्रमाणे बिघडत नसत. तंत्रज्ञ एकत्र न्याहारीला किंवा जेवायला बसत आणि एकमेकांना बिघाडांच्या गोष्टी सांगत. एकाला पडलेले कोडे दुसऱ्याने मागच्या महिन्यात सोडवलेले असे, आणि खरी दुरुस्ती त्या गप्पांमधून घडत असे. पुढे त्याच कंपनीने तंत्रज्ञांच्या अशा युक्त्या गोळा करण्यासाठी 'युरेका' नावाची यंत्रणा स्वतःच उभी केली. मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला आमच्या मजल्यावरचा फिल्टर आठवला.

आमच्या मंडळींची सुरुवात अशीच पाण्यापाशी झाली, पण वाढ झाली ती रांगेत. भविष्य निर्वाह निधीच्या कार्यालयात एका नावातल्या चुकीसाठी तिसरी खेप घालताना हिंगण्याच्या एका कारखान्यातले टाइम ऑफिसचे भाऊ भेटले. त्यांच्या हातात माझ्यासारखाच अर्ज होता, फक्त त्याला एक जोडपत्र जास्त लावलेले होते, आणि माझा अर्ज दोनदा का परत आला याचे उत्तर त्या एका कागदात होते. डिजिटल स्वाक्षरीच्या नूतनीकरणाच्या वेळी बुटीबोरीच्या ताई भेटल्या. टंकलेखन संस्थेतली जुनी मैत्रीण आता सदरमधल्या एका शाळेच्या कार्यालयात होती, तिला मी ओढून आणले; तिने एका वकिलांकडे लघुलेखनाचे काम करणाऱ्या दादांना आणले. असे करत करत आम्ही नऊ-दहा जण झालो. या मंडळीला नाव नाही, अध्यक्ष नाही, वर्गणी नाही. कोणी नाव ठेवायचा विषय काढला की बाकीचे विषय बदलतात.

आम्ही महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी भेटतो. हा दिवस ठरण्यामागेही कारण आहे: सप्टेंबर २०१५ पासून बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुटीचा झाला, त्यामुळे आमच्यातल्या बँकेतल्या वहिनींना तोच दिवस सोयीचा होता. राज्य शासनाच्या कार्यालयांनाही दुसरा शनिवार सुटीचा असतो, त्यामुळे पुढे सरकारी मंडळीही येऊ लागली. धरमपेठेतल्या एका टपरीसमोर आम्ही उभ्या-उभ्या तर्री-पोहे खातो. नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते की, पोह्यांवर हरभऱ्याची झणझणीत तर्री ओतल्यावर माणूस पहिली पाच मिनिटे तक्रार करू शकत नाही. नाक पुसण्यात तो गुंतलेला असतो. त्यानंतर जे बोलणे सुरू होते, ते मात्र निव्वळ कामाचे असते आणि त्यात औपचारिकपणाचा लवलेश नसतो. "तुझ्या इथल्या लिफ्टचे काय झाले?" एवढा एक प्रश्न अर्धा तास पुरतो.

नागपुरात अ‍ॅडमिनचे काम करणाऱ्या माणसाची खरी परीक्षा डिसेंबरात असते. १९५३ च्या नागपूर करारातील तरतुदीला अनुसरून विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी इथे होते, आणि ते बहुधा डिसेंबरात भरते. मंत्री, आमदार, सचिव, त्यांचे कर्मचारी, पत्रकार आणि आपापली कामे घेऊन आलेली माणसे अशी सगळी मुंबई त्या दिवसांत सिव्हिल लाइन्सच्या आसपास उतरते. नेमक्या त्याच आठवड्यात आमच्या मुंबईच्या मुख्य कार्यालयातून निरोप येतो, "दोन पाहुणे येत आहेत, चांगल्या हॉटेलात दोन खोल्या आणि एक मोठी गाडी सांगून ठेवा." मुंबईच्या माणसाला हे काम एका फोनचे वाटते. पहिल्या वर्षी मी सोळा फोन केले आणि अखेरीस पाहुण्यांना शहराबाहेरच्या एका मंगल कार्यालयाच्या खोल्यांत ठेवावे लागले, जिथे रात्री अकरापर्यंत बँड वाजत होता. त्याबद्दल मला जे ऐकून घ्यावे लागले, ते इथे लिहीत नाही.

दुसऱ्या वर्षी वकिलांकडच्या दादांनी मला तीन गोष्टी सांगितल्या. पहिली म्हणजे खोल्या सप्टेंबरातच, नावे न देता, कार्यालयाच्या नावाने धरून ठेवायच्या. दुसरी, शनिवार-रविवारी अधिवेशनाला सुटी असते आणि बरेच आमदार आपापल्या मतदारसंघांत जातात, म्हणून पाहुण्यांना जमत असेल तर शुक्रवारी संध्याकाळी बोलवायचे. तिसरी, बैठक सिव्हिल लाइन्समध्ये ठेवायचीच नाही, कारण मोर्चे मॉरिस कॉलेज टी-पॉइंटपाशी अडवले जातात आणि त्या दिवशी सीताबर्डीहून पलीकडे जाणे दैवाच्या हाती असते. बैठक वर्धा मार्गाला ठेवली की विमानतळही जवळ आणि मनही स्वस्थ. यातली एकही गोष्ट गुपित नव्हती. पण दादांनी सांगितली नसती, तर ती शिकायला मला आणखी तीन डिसेंबर लागले असते.

मुख्य कार्यालय दुसऱ्या शहरात असणे हा आमच्या बैठकीतला नेहमीचा विषय आहे. तान्ह्या पोळ्याला नागपुरात मारबत, म्हणजे पुतळ्यांची मिरवणूक, निघते, त्या दिवशी इथे स्थानिक सुटी असते, आणि दरवर्षी मुंबईहून कोणीतरी फोन करून "आज कोणीच का फोन उचलत नाही?" असे विचारते. हा झाला गमतीचा भाग. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मात्र प्रकरण थोडे गंभीर झाले. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ ख प्रमाणे मतदानाच्या दिवशी मतदार कर्मचाऱ्याला भरपगारी सुटी द्यावी लागते. नागपूरचे मतदान पहिल्या टप्प्यात, १९ एप्रिलला होते. मुंबईचे पाचव्या टप्प्यात, २० मे रोजी. बुटीबोरीच्या ताईंच्या मुख्य कार्यालयाने सगळ्या शाखांना एकच परिपत्रक पाठवले आणि त्यात सुटीची तारीख २० मे अशी होती. एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी ताई ते परिपत्रक मोबाइलवर घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "मी यांना सांगून राहिली तर मलाच म्हणतात, परिपत्रक वाचा." चूक त्यांना कळत होती, वरिष्ठांपुढे ती मांडायची कशी, हे कळत नव्हते. शाळेतल्या मैत्रिणीने तिथेच उभ्या-उभ्या चार ओळींचे पत्र सांगितले: कलमाचा उल्लेख, नागपूरच्या मतदानाची तारीख, "कृपया सुधारित परिपत्रक निर्गमित व्हावे ही विनंती", आणि खाली काही नाही. कोणाची चूक झाली, याचा एक शब्दही त्यात नव्हता. सोमवारी दुपारपर्यंत सुधारित परिपत्रक आले.

सल्ला घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्यालाच कधी कधी जास्त मिळते, असा माझा अनुभव आहे, आणि त्याचे उदाहरण म्हणजे आमचे काका. ते जिल्हा परिषदेतून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झाले आणि शाळेतल्या मैत्रिणीच्या ओळखीने एकदा सहज पोहे खायला आले. त्या दिवशी मी माझ्या कपाटाचे रडगाणे गात होते. कार्यालय दुसऱ्या जागेत हलवायचे होते आणि अकरा वर्षांच्या फायलींपैकी काय ठेवायचे आणि काय फेकायचे, हे सांगणारे कोणी नव्हते. काकांनी तोंड पुसले, पोह्याची कागदी प्लेट उलटी केली आणि माझ्याकडून पेन घेऊन त्यावर सहा चौकोन काढले.

सरकारी कार्यालयात काम केलेल्या मराठी माणसाला सहा गठ्ठे पद्धत सांगावी लागत नाही. अनिलकुमार लखिना हे १९८० च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी असताना त्यांनी तिथल्या कार्यालयाची जी शिस्त बसवली, ती लखिना पॅटर्न म्हणून ओळखली जाते, आणि हे गठ्ठे त्याच घडणीतले. एका गठ्ठ्यात आज कार्यवाही करायची प्रकरणे. दुसऱ्यात प्रतीक्षाधीन, म्हणजे ज्यांवर दुसऱ्या कोणाचे उत्तर यायचे आहे ती. तिसऱ्यात नियतकालिके, म्हणजे ठरावीक तारखेला पाठवायची विवरणपत्रे. चौथ्यात स्थायी आदेशांची संचिका. पाचव्यात काम संपलेली आणि अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणे. आणि सहाव्यात नष्ट करायचे ड वर्गाचे कागद. अभिलेखांचे वर्गही काकांनी प्लेटच्या कडेने लिहून दिले: अ म्हणजे कायमचे, ब तीस वर्षे, क दहा वर्षे, क-१ पाच वर्षे आणि ड एक वर्ष. "तुमच्या खाजगी कंपनीला आमचे वर्ग लागू नाहीत," त्यांनी बजावले, "मुदती तुमच्या सीएला विचारून घ्या. पण प्रत्येक कागदाला मुदत असते, एवढे समजून घ्या. मुदत न लिहिता कागद कपाटात गेला, की तो मरत नाही आणि जगतही नाही."

ती प्लेट मी घरी नेली. तर्रीचे तेल लागून प्रतीक्षाधीनचा चौकोन पारदर्शक झाला होता. सोमवारी मी सहा रंगांच्या पट्ट्या आणल्या आणि पुढच्या तीन आठवड्यांत पहिल्यांदाच मला असे दिसले की, ज्याला मी "माझ्याकडे पडलेले काम" समजून रात्री कुढत होते, त्यातले निम्म्याहून अधिक काम प्रतीक्षाधीन होते. ते दुसऱ्याकडे पडलेले होते आणि मी फक्त स्मरणपत्र पाठवायचे होते. काकांनाही यातून काही मिळाले असावे. निवृत्तीनंतर कोणी त्यांना हा विषय विचारला नव्हता. त्यानंतर ते एकही शनिवार चुकवत नाहीत आणि कोणाचा तरी कपाटाचा प्रश्न निघेल, अशी वाट बघत असतात.

उन्हाळ्यातली एक गोष्ट मात्र मला हसत सांगता येत नाही. नागपुरात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापलेले नऊ दिवस, संपेपर्यंत कूलर हाच कार्यालयाचा प्राण असतो. होळीच्या आधी मेकॅनिकला गाठून वाळ्याच्या ताट्या बदलून घ्यायच्या, पंप तपासायचा, ही इथल्या प्रत्येक अ‍ॅडमिनवाल्याची वहिवाट आहे. होळी उलटली की मेकॅनिक फोन उचलत नाही. एका एप्रिलमध्ये आमच्यातल्या एकाच्या कार्यालयात शिपाई चालू कूलरमध्ये पाणी भरत होता आणि त्याला विजेचा धक्का बसला. तो बचावला, पण हाताला भाजले. ज्याच्या कार्यालयात हे झाले, त्याने लाज न बाळगता त्याच संध्याकाळी आम्हा सगळ्यांना कळवले: अर्थिंग केलेलेच नव्हते, बिलात मात्र ते लावलेले होते. दुसऱ्या दिवशी मी वीजतंत्र्याला बोलावून आमचे पाच कूलर तपासून घेतले. त्यांतल्या दोन कूलरचे अर्थिंग तुटलेले निघाले. त्यानंतर बटण बंद करून, प्लग काढूनच पाणी भरायचे, अशी पाटी मी प्रत्येक कूलरवर लावली. आपल्या कार्यालयातली चूक दुसऱ्या कार्यालयातल्या माणसाला सांगणे सोपे नसते. नोकरीवर येऊ शकते. त्याने ती सांगितली, म्हणून मी त्याला फार मानते.

यातूनच मर्यादेचा प्रश्न निघतो, आणि त्यावर आमच्यात एकदा चांगलाच वाद झाला. झेरॉक्स यंत्राच्या भाडेकरारात महिन्याला किमान किती प्रतींचे पैसे द्यावेच लागतात, टोनर त्यात धरलेला आहे की नाही, करार आपोआप पुढे चालू राहतो का, ही कलमे एकमेकांना सांगावीत, असे माझे मत आहे. पण समोरच्या विक्रेत्याने मला दिलेले कोटेशन उचलून दुसऱ्याच्या हातात द्यावे, हे मला पटत नाही. ते कोटेशन माझ्या मालकाच्या नावाने आलेले असते आणि त्यावर माझा हक्क नाही. हिंगण्याचे भाऊ म्हणत होते की, दर कळल्याशिवाय घासाघीस कशी करायची? त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. अखेर ठरले ते असे की, "तू जास्त देऊन राहिला आहेस, पुन्हा बोलून बघ" एवढे सांगायचे आणि आकडा सांगायचा नाही. पगार, मुलाखतीला आलेल्यांची नावे, साहेबांच्या घरची कामे, कोणाची नोटीस निघणार आहे, हे विषय पोह्यांपाशी निघतच नाहीत. निघाले, तर काका चहा सांगायला उठतात आणि ती खूण सगळ्यांना कळते.

एक प्रसंग मात्र वाईट झाला. आमच्यातल्या एकाने सफाईसाठी एक ठेकेदार सुचवला, दोघांनी त्याला काम दिले, आणि सहा महिन्यांनी कळले की हा ठेकेदार आपल्या कामगारांचा भविष्य निर्वाह निधी भरतच नव्हता. अशा वेळी जबाबदारी मूळ मालकावर येते, त्यामुळे दोन्ही कार्यालयांत अ‍ॅडमिनवाल्यांना चांगलेच फैलावर घेतले गेले. सुचवणाऱ्याला त्या ठेकेदाराकडून काही मिळत होते की त्याचीही फसवणूक झाली, हे कधीच स्पष्ट झाले नाही. तो पुढे येईनासा झाला. तेव्हापासून कोणी विक्रेता सुचवला की आम्ही एकच प्रश्न विचारतो, "तुमच्याकडे किती वर्षे आहे आणि मागच्या महिन्याचे पीएफ भरल्याचे चलन पाहिले का?" मैत्रीत असे विचारणे जड जाते. पण बिलासोबत चलनाची प्रत आल्याशिवाय ठेकेदाराचे देयक पुढे पाठवायचे नाही, ही सवय मला त्या प्रसंगानेच लागली.

साहेबांना हे सगळे कितपत कळते? २०१९ मध्ये मी ती नोकरी सोडून दुसऱ्या ठिकाणी गेले, तेव्हा चार्ज देताना मी सव्वीस पानांची टिप्पणी तयार केली. माझ्यावर जे बेतले होते ते दुसऱ्या कोणावर बेतू नये, एवढाच हेतू होता. करारांच्या मुदती, चाव्या, पासवर्डची मोहोरबंद पाकिटे, लिफ्टवाल्यापासून कूलरवाल्यापर्यंत सगळ्यांचे क्रमांक, आणि फेब्रुवारीतल्या तीनशे रुपयांसाठी वेगळी ओळ. साहेबांनी ती चाळली, समाधानाने मान हलवली आणि म्हणाले, "आणि ती तुमची डायरी? अडचण आली की ज्यांना फोन करत होत्या, त्यांचे नंबर?"

मी तोवर समजत होते की, माझे ते फोन त्यांच्या लक्षातही येत नाहीत. मी थोडा विचार करून सांगितले की, विक्रेत्यांचे क्रमांक कार्यालयाचे आहेत आणि ते सगळे टिप्पणीत दिलेले आहेत. हे दुसरे क्रमांक मात्र देता येणार नाहीत, कारण ते लोक कार्यालयाला ओळखत नाहीत, मला ओळखतात. साहेबांना ते फारसे आवडले नाही. मला स्वतःलाही पूर्ण खात्री नव्हती, कारण त्या फोनांचा फायदा आठ तासांच्या नोकरीतच तर झालेला होता. अजूनही कधी कधी मी त्यावर विचार करते. पण क्रमांक दिला असता, तरी पलीकडून उत्तर काय आले असते? "कोण बोलता जी?" एवढेच.

माझ्या जागी आलेली मुलगी उमरेडची होती, पहिलीच नोकरी. तीन आठवड्यांनी तिचा घाबरत-घाबरत फोन आला. तिने शासकीय कार्यालयाला पाठवलेले मराठी पत्र तिकडे उघडल्यावर नुसती चिन्हेच दिसत होती आणि तिला वाटत होते की संगणकात विषाणू शिरला. मी तिला सांगितले की, ते पत्र जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले असणार. युनिकोडमध्ये बदलून पुन्हा पाठव आणि सोबत पीडीएफही जोड. मग विचारले, "दुसऱ्या शनिवारी सकाळी काय करतेस?" ती म्हणाली, "काही नाही ताई, सुटी असते." मी तिला धरमपेठेतला पत्ता दिला आणि नऊच्या आत यायला सांगितले, कारण साडेनवाला तर्री संपते.